रेन वाकत नाही

सगळी पोरं वाकली. रेन वाकला नाही. एक हात कठड्याच्या दारावर ठेवून त्यानं नुसती मान हलवली आणि सरळ बर्फावर उतरला. माझ्या शेजारी बसलेल्या ओनो-सानांनी पेनाला टोपण लावलं.

मला तेवढ्यानंच धस्स झालं. ओनो-सान ज्या पोराच्या वेळी टोपण लावतात, त्या पोराचं काम संपलेलं असतं.

नीट सांगते. जपानमध्ये आईस हॉकीचा खेळाडू रिंकवर उतरताना वाकून नमस्कार करतो. कुणाला, तर बर्फाला. उतरताना एकदा, बाहेर पडताना एकदा, आणि मॅचच्या आधी ओळीत उभं राहून समोरच्या टीमला एकदा. एवढंसं पोरसुद्धा करतं. देवळात शिरताना आपला हात आपोआप घंटेकडे जातो ना, तसंच. त्यामुळे न वाकणारं पोर म्हणजे सरळ अर्थ, माजलेलं पोर.

"ॲटिट्यूड," ओनो-सान म्हणाले. एवढंच.

"मागच्या वर्षी वाकायचा तो," मी म्हटलं.

"मागच्या वर्षी त्याचा फोटो पेपरात आला नव्हता, मोरी-सान."

ओनो-सान माझे बॉस. उत्तरेकडच्या एका प्रोफेशनल क्लबसाठी नवीन खेळाडू निवडणं हे त्यांचं काम, आणि मी त्यांची सेंदाई भागातली स्काउट. स्काउट म्हणजे पोरं हेरणारी. तुम्हाला हसू येईल, पण मला स्वतःला आजही धड स्केटिंग येत नाही. बर्फावर उतरले तर कठडा धरून चालते. मी सांगलीची. लग्न होऊन इथे आले. नवरा रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं ते मोठं यंत्र चालवायचा, आणि मी तिथेच स्केट भाड्यानं द्यायच्या खिडकीत पार्ट-टाइम लागले. भाषा येत नव्हती, बोलायला कुणी नव्हतं. मला, जिला गप्प बसणं म्हणजे शिक्षा! मग काय, पोरांच्या पायात बूट चढवायचे आणि काचेतून खेळ बघत बसायचं. बघता बघता कळायला लागलं. भाषा आली तशी मी कोच लोकांशी वाद घालायला लागले, हा पुढे जाईल, तो नाही जाणार. ते वाद फिरत फिरत ओनो-सानांच्या कानावर गेले. एवढीच माझी डिग्री.

लोकांना वाटतं, गोल मारतो तो चांगला खेळाडू. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, जिकडे जाते तिकडे सगळ्यांच्या माना. मी पककडे बघतच नाही. पक जवळ नसताना पोर काय करतं ते बघते. चूक झाली की बेंचवर येऊन बाटली आपटतं, की पुढच्या शिफ्टची वाट बघतं? शिफ्ट म्हणजे बर्फावरची पाळी. एवढ्या जोरात पळायचं असतं की मिनिटाच्या आतच दम निघतो आणि दुसरे उतरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोपऱ्यातला पक आणायला जाताना पोर खांद्यावरून मागे बघतं का? कारण मागून एक दांडगा माणूस सुसाट येत असतो, आणि आपल्या अंगानं तुम्हाला कठड्यावर चेपायचा त्याला नियमानं हक्क असतो. त्याला चेक म्हणतात. मागे न बघता जाणारं पोर प्रोफेशनल होत नाही. त्याआधीच मोडतं.

रेन मागे बघायचा. लहानपणापासून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, आणि मगच पक. माझ्या खिडकीतून ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं होतं.

रेनची आई प्राजक्ता कोथरूडची. वडील जपानी. कंपनीनं त्यांची टोकियोला बदली केलेली, अधूनमधून घरी येतात. प्राजक्ता मला काकू म्हणते, सणासुदीला आम्ही एकमेकींकडे असतो. मी ओनो-सानांना आधीच सांगितलं होतं, हे घर माझ्या ओळखीचं आहे, याचा रिपोर्ट दुसऱ्या कुणाकडे द्या. ते म्हणाले, "ओळखीच्यांबद्दल तुम्ही जास्तच कडक लिहिता. चालेल."

तर ती मॅच मी बघत होते. रेननं गोल मारला, छान मारला. पायात तीच चपळाई होती. पण पक आणायला डाव्या कोपऱ्यात गेला तेव्हा त्यानं मागे बघितलं नाही. उजव्या कोपऱ्यात गेला तेव्हा बघितलं. डावीकडे परत गेला, परत नाही. बेंचवर बसला की डोक्यावरून टॉवेल. इतर पोरं टॉवेलनं घाम पुसत होती, हा टॉवेलच्या आत बसून होता.

"प्रेशर," ओनो-सान म्हणाले. "पुढच्या रविवारी आमच्या मोठ्या टीमशी सराव मॅच आहे ना. त्यात बघू आणि ठरवू."

मोठी टीम म्हणजे पगारी, पूर्ण वाढलेले पुरुष. त्यांच्याशी निवडक ज्युनियर पोरांची एक मॅच ठेवायची, आणि कोण तग धरतं ते बघून एकाला करार द्यायचा, अशी क्लबची पद्धत. पोरं वर्षभर त्या रविवारची वाट बघतात.

मॅच संपल्यावर मी खाली रेनच्या टीमच्या कुदो कोचना गाठलं. समोर पोरं बर्फावर पसरलेले पक वेचून बादलीत टाकत होती. रेन कॅप्टन. पूर्वी तो सगळ्यांच्या आधी खाली वाकून वेचायचा. आता उभ्याउभ्या काठीनं पक ढकलत होता, आणि वेचत होती ती लहान पोरं.

"काय झालंय याला?" मी विचारलं.

कुदो कोच जरा संकोचले. "मी काही बोलत नाही त्याला. आई परदेशी. घरी वाकायची पद्धत नसेल. आता मोठा झाला, स्वतःचं कल्चर दाखवतोय. आपण समजून घ्यायला हवं."

"अहो, आमच्यात तर पायापर्यंत वाकतात!"

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

बसमध्येही मी त्याच्याच चालण्याचा विचार करत होते. माज कसा असतो, तो मला चांगला ठाऊक आहे. माजलेलं पोर छाती काढून चालतं, लोकांकडे बघतं, लोक आपल्याकडे बघतायत का ते बघतं. रेन कुणाकडेच बघत नव्हता. डोक्यावर पाण्यानं भरलेला हंडा घेऊन चालावं, तसा चालत होता.

मधल्या आठवड्यात दसरा आला. प्राजक्तानं जेवायला बोलावलं होतं. आता सेंदाईला आपटा कुठला? आम्ही गिंकोची पानं वाटतो. इथे रस्त्यानं ती झाडं असतात. पान मधोमध चिरलेलं, थेट आपट्याच्या चुलतभावासारखं. दसऱ्याला ती नीट पिवळी झालेली नसतात, पण आम्ही हिरवटच सोनं म्हणून घेतो.

श्रीखंड डब्यातलं नव्हतं, घरी केलं होतं. प्राजक्ता खुशीत होती. "काकू, रविवारचं काय? ते ओनो-सान काय म्हणाले? सांगा ना, एवढं काय सीक्रेट!"

"मला सांगता येत नाही, तुला माहितीये."

"बरं बाई. रेन! काकू आल्यात. सोनं दे आणि पाया पड."

रेन आतून आला. खोलीतले दिवे लावलेले, आणि याच्या डोक्यावर टोपी, पुढची झापड डोळ्यांवर ओढलेली. हातात पान. त्यानं सोफ्याच्या हाताला धरलं, एक गुडघा टेकवला, मग दुसरा. पाठ ताठ, मान ताठ. बसूनच हात पुढे करून माझ्या पायांना लावले. मग सोफा धरून हळूच उठला. उठल्यावर डोळे मिटले. क्षणभरच.

"बघा! ही याची नवीन स्टाइल," प्राजक्ता म्हणाली. "गुडघे टेकतोय, राजाच्या दरबारात आल्यासारखा. वाकायला लाज वाटते साहेबांना. परवा माझ्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतानाही नुसता हात हलवला. आजी किती हिरमुसली!"

माझ्या हातातलं पान खाली पडलं. खरं सांगते, पहिल्यांदा ते आपोआप पडलं. मग मी म्हटलं, "रेन, तेवढं उचलून दे रे."

त्यानं पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याला कळलं, मला काय कळलंय ते. पायाच्या बोटांत पान धरून त्यानं पाय वर घेतला, पान हातात घेऊन मला दिलं, आणि हसायचा प्रयत्न केला. हात गार होता.

"शी! पायानं सोनं देतात का?" प्राजक्ता ओरडली आणि पुऱ्या तळायला आत गेली.

मी हळू आवाजात विचारलं, "कधी लागलं डोक्याला?"

"दाइजोबु." म्हणजे मी ठीक आहे. जपानमध्ये या शब्दाइतका घाबरवणारा शब्द नाही. पाय मोडलेला माणूसही आधी हेच म्हणतो.

"रेन."

त्यानं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग जपानीत, भराभर बोलला. उन्हाळी कॅम्पमध्ये डोकं कठड्यावर आपटलं होतं. दोन-तीन दिवस मळमळलं, मग बरं वाटलं. मग सरावात परत आपटलं, अगदी हलकंच. तेव्हापासून खाली वाकलं की जमीन तिरकी होते. डावीकडे मान वळवली की सगळं फिरतं. उजेड टोचतो. सरळ पळताना काहीच होत नाही. "सरळ पळताना मी एकदम ओके असतो, ओबाचान. खरंच." ओबाचान म्हणजे मावशी, काकू, काय म्हणाल ते.

"कुणाला सांगितलंस?"

"कॅप्टन आहे मी." जणू हे उत्तर होतं. "फक्त संडे. वन गेम. मग सांगतो, डॉक्टरकडे जातो, प्रॉमिस."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. डोक्याला मार बसला की मेंदू आतल्या आत हलतो. त्याला कन्कशन म्हणतात. बाहेर रक्त नाही, सूज नाही. विश्रांती मिळाली की बहुतेक वेळा बरं होतं. पण ते बरं व्हायच्या आधी पुन्हा मार बसला, तर काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही, पण एवढ्या वर्षांत या विषयावर इतक्या जणांना बोलताना ऐकलंय की एवढं मला पक्कं ठाऊक आहे. आणि रविवारी याच्यासमोर पूर्ण वाढलेले पुरुष असणार होते.

मी स्वयंपाकघरात गेले आणि प्राजक्ताला सांगितलं. रेनसमोरच. पाठीमागे सांगणं मला बरं वाटलं नाही.

तिनं आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "डोकं दुखतं म्हणाला होता. मी ड्रगस्टोरमधल्या गोळ्या देत होते. वाटलं, डोळ्यांचा नंबर वाढला असेल." मग एकदम तिचा आवाज चढला. "काकू, तुम्ही डॉक्टर आहात का? वाकत नाही म्हणून कन्कशन? उद्या शिंकला नाही तर काय म्हणाल?"

"उद्याच्या उद्या ने त्याला दाखवायला."

"उद्या नेलं तर ते लिहून देतील, खेळू नका. मग?" तिनं झाऱ्या खाली ठेवला. "याच्या बाबांनी सांगितलंय, या रविवारी क्लबनं घेतलं तर ठीक. नाहीतर हॉकी बंद, प्रवेशपरीक्षेचे क्लास. पहाटे उठून किती वर्षं ड्राइव्ह केलंय मी बर्फातून. सोमवारी नेते. शपथ. सोमवारी पहिली नेते. काकू, प्लीज, कुणाला बोलू नका."

दारात रेन उभा होता. दोघांचे डोळे माझ्यावर. जेवण कसं झालं ते मला आठवत नाही. श्रीखंड वाटीत तसंच राहिलं एवढं आठवतं.

घरी जाऊन मी ओनो-सानांना फोन लावला. लावायच्या आधी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मनात दोन गोष्टींची भीती होती. बोलले आणि मी चुकले, तर पोराचं आयुष्य मी उधळलं. गप्प राहिले आणि मी बरोबर असले, तर त्यापुढचा विचारच करवत नव्हता.

ओनो-सानांनी शांतपणे ऐकलं.

"डॉक्टरचा काही कागद?"

"नाही."

"आईची तक्रार?"

"नाही. ती म्हणते, सोमवारी बघू."

"मुलगा?"

"दाइजोबु म्हणतो. मला घरात खरं बोलला. तुमच्यासमोर बोलणार नाही."

"मग माझ्या हातात काय आहे, मोरी-सान?"

"तो वाकत नाही."

मग म्हणाले, "ते तर मीच तुम्हाला दाखवलं होतं."

"हो. तुम्हीच."

ते म्हणाले, कुदो कोचना सांगतो, ते विचारतील. आणि शुक्रवारी कोचनी विचारलंही. कसं? सरावाच्या शेवटी, सगळ्या टीमसमोर उभं करून! "मात्सुदा, डोक्याचा काही त्रास?" मात्सुदा हे रेनचं आडनाव. "नाही, दाइजोबु देस!" खणखणीत आवाजात. मी कठड्यापाशी उभी होते. बाकीची सगळी पोरं खाली बर्फाकडे बघत होती. एकही जण कॅप्टनकडे बघत नव्हता. ते मला मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी ओनो-सानांचा फोन आला. "कोच म्हणतात, ठीक आहे. पालक म्हणतात, ठीक आहे. मी कुठल्या तोंडानं थांबवू? तरी एक करतो. रविवारी मॅचच्या आधी ओळ लागेल. नाही वाकला, तर त्याला उतरू देणार नाही. कारण काय द्यायचं ते माझ्यावर सोडा. वाकला, तर खेळेल. मान्य?"

मी हो म्हटलं. एखादा साहेब एका पोराच्या वाकण्यावर निर्णय सोडतो, हीच मोठी गोष्ट होती. आणि रेन वाकूच शकत नाही, याची मला खात्री होती.

रविवारी रिंकवर पोचले तेव्हा प्राजक्ता खालच्या रांगेत बसली होती, मफलर गुंडाळून. तिनं मला बघितलं आणि मान फिरवली. आम्ही स्काउट लोक गोलच्या मागे, वर बसतो. तिथून अख्खा खेळ नकाशासारखा दिसतो. क्लबच्या डॉक्टरीणबाई बेंचमागे होत्या. ओनो-सान शेजारी, पेन उघडं.

टीम उतरल्या. मोठ्या टीमचे पुरुष आमच्या पोरांपुढे डोंगरासारखे. खांदे केवढे! बर्फ कापल्याचा आवाजसुद्धा वेगळा, जाड. आमची पोरं आमच्याकडे पाठ करून ओळीत उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. मोठे समोर. शिट्टी झाली.

आणि रेन वाकला.

कमरेतून, पूर्ण. इतरांपेक्षाही खाली. बाकीचे उठेपर्यंत तसाच, मग सगळ्यांबरोबर सरळ.

ओनो-सान माझ्याकडे वळले. "वाकला की."

मला वाटलं, मी म्हातारी झाले. मला वाटलं, बरं झालं, देवा, मी चुकले. खरंच, चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तो किती टिकला? ओळ मोडेपर्यंत. कारण ओळ मोडताना दोन हात सुटले. रेनच्या डावीकडच्या चार नंबरच्या पोराचा आणि उजवीकडच्या पंधरा नंबरच्या पोराचा. दोघांच्या मुठी रेनच्या पाठीवर होत्या, जर्सीच्या कापडात आवळलेल्या. पोत्याला दोन बाजूंनी धरतात, तसं धरलं होतं त्याला, पडू नये म्हणून. शुक्रवारी खाली बघणाऱ्या त्या पोरांना सगळं ठाऊक होतं. कापडावर चुण्या तशाच राहिल्या होत्या.

"ओनो-सान," मी म्हटलं. "त्याची पाठ बघा."

"काय?"

"जर्सी. त्याला धरलं होतं. दोघांनी."

त्यांनी बघितलं. चुण्या बघितल्या. मग उठले. मी या माणसाला कधी घाईनं चालतानाही बघितलेलं नाही, ते दोन-दोन पायऱ्या उतरत पळत सुटले. पण गोलमागून बेंचपर्यंत अर्धा रिंक वळसा आहे, आणि तेवढ्यात पंचांनी पक टाकला.

रेन पहिल्याच शिफ्टमध्ये होता. पक उडून आमच्याच बाजूला, डाव्या कोपऱ्यात आला. माझ्या अगदी समोर, काचेच्या पलीकडे. रेन तो आणायला निघाला. त्याच्या मागून, डावीकडून, मोठ्या टीमचा एक धिप्पाड फॉरवर्ड सुटला. रेननं उजवीकडे बघितलं. डावीकडे नाही.

मी ओरडले. मराठीत ओरडले, दुसरी कुठली भाषा सुचलीच नाही. "रेन, मागे! मागे बघ!" खालून प्राजक्ताही किंचाळली. काचेतून त्याला काय ऐकू जाणार?

तो फॉरवर्ड भला माणूस निघाला. समोर नुसती पाठ दिसतेय, पोर वळत नाही, हे बघून त्यानं शेवटच्या क्षणी ब्रेक मारला. बर्फाचा फवारा काचेवर उडाला. त्यानं फक्त तळहात रेनच्या पाठीला लावला, स्वतःला थांबवायला. तेवढ्यानं रेन खाली बसला. पडला नाही, बसला. मग उठायला गेला आणि तिरका होऊन परत बसला. परत उठायला गेला. तो फॉरवर्ड हातमोजे टाकून गुडघ्यांवर आला आणि त्यानं रेनचे खांदे धरून ठेवले. रिंकवर एवढी शांतता की बर्फ थंड ठेवणाऱ्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

काचेवरचा बर्फ वितळून ओघळत होता आणि त्यातून ते पोर वाकडंतिकडं दिसत होतं. मी देवाचं नाव घेत होते की त्याचं, आठवत नाही.

ओनो-सान बेंचपाशी पोचले होते. डॉक्टरीणबाई बर्फावर चालत गेल्या. त्या दिवशी रेन पुन्हा उतरला नाही.

हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. आधीचे दोन्ही मार खरे होते, दुसरा पहिल्याच्या अंगावर बसलेला. नवीन इजा नव्हती. तिथले डॉक्टर प्राजक्ताला म्हणाले, "आज तो माणूस थांबला नसता, तर मी तुमच्याशी वेगळ्या खोलीत बोललो असतो." तिनं मला ते नंतर, फार नंतर सांगितलं. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये ती मला एवढंच म्हणाली, "सोमवारी नेणार होते मी." ते ती मला सांगत नव्हती. मी तिच्याशेजारी बसून राहिले. तिनं माझा हात धरला नाही, पण उठूनही गेली नाही.

रिपोर्ट लिहायचा होताच. गुणवत्ता: उत्तम. शिफारस: आत्ता घेऊ नये. ॲटिट्यूडचा रकाना मी कोरा ठेवला. ओनो-सानांनी विचारलं, "आणि तो चार नंबर? त्याचाही रिपोर्ट बाकी आहे." मी लिहिलं, "मनगटात ताकद आहे. डोक्यात यायची आहे." क्लबनं त्या वर्षी तिसऱ्याच एका पोराला घेतलं.

रेन प्रोफेशनल झाला नाही. महिनोन् महिने तो अंधाऱ्या खोलीत पडून होता, मग हळूहळू चालायला लागला, मग शाळा, मग क्लास. पुढे डॉक्टरांनी स्केटिंगला परवानगी दिली. चेक असलेल्या खेळाला नाही. हिवाळाभर प्राजक्ताचा फोन आला नाही. वसंतात आला, काहीतरी भाजणीबद्दल विचारायला. मी भाजणीबद्दलच बोलले.

मधल्या काळात ओनो-सानांनी आमचा रिपोर्टचा फॉर्म बदलून घेतला. पूर्वी ॲटिट्यूड वर होतं आणि तब्येत खाली. आता डॉक्टरांची सही आधी, ॲटिट्यूड नंतर. एवढाच बदल. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या दसऱ्याला रेन एकटाच माझ्याकडे आला. हातात गिंकोचं पान, अजून हिरवटच. फार बोलला नाही. पान दिलं आणि वाकला. कशालाही न धरता, कमरेतून, पार माझ्या पायांपर्यंत. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी. तो वर आला. डोळे उघडे होते, एका जागी होते.

"ओबाचान," तो म्हणाला, "श्वास घ्या."

तेवढं मात्र मराठीत म्हणाला.

घेतला. पण ती सवय गेली नाही. अजूनही ओळ लागली की मी गोलमागे बसून पोरांच्या पाठी बघते, आणि शेवटचं पोर सरळ होईपर्यंत श्वास धरून ठेवते. ओनो-सान मला चिडवतात, या वयात असं करू नका म्हणून. पण मी बघितलंय, तोपर्यंत तेही पेनाला टोपण लावत नाहीत.